हंड्यावरचं नाव

"गोरऽऽखाऽऽ... ए गोरऽऽखाऽऽ, भाकर निवती रेऽऽ!"

ही हाक मखमलाबादच्या मळ्यातली. आई विहिरीजवळ उभी राहायची, रिकाम्या हंड्याच्या पोटावर पळीचा एक तडाखा द्यायची, आणि तांब्याचा तो ठणका विरायच्या आत त्याच्या पाठीवर बसवून हाक सोडून द्यायची. झेंडूच्या वाफ्यांवरून, शेवंतीच्या वाफ्यांवरून हाक पळत यायची आणि बांधावर गोट्या खेळणाऱ्या पोराचा कान धरून त्याला घरी न्यायची. ते पोर आता चाळिशीपार गेलं. आई राहिली नाही, मळ्यावर कुणाच्या तरी रो-हाउसांची रांग उभी राहिली. तरी हातोड्याचा ठोका नेमका बसला की तांबं त्याच आवाजात बोलतं, आणि गोरक्षची मान आपसूक दाराकडे वळते.

आताही वळली.

"थांबला का रे?" सावळीरामकाका ओरडले. "चहाला वेळ आहे अजून!"

काका ओरडूनच बोलत. उभा जन्म तांब्याच्या ठणठणाटात गेलेला, कान कधीचे गेलेले. लाकडी ओट्यावर डावा तळवा टेकून ते बसत. कुणाचा हातोडा सरळ पडतोय, कुणाचा घसरतोय, कुणाचा थांबलाय, हे त्यांना त्या तळव्यातून कळे. आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे सकाळी सकाळी "गोरक्ष, गोळी घेतली का रे?" हा प्रश्न भद्रकालीच्या त्या सबंध गल्लीला विचारला जाई, आणि समोरच्या गॅलरीत मेथी निवडणारी भागीबाई वरूनच उत्तर देई, "घेतली हो! माझ्यासमोर घेतली!"

पहिल्यांदा गोरक्षला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नंतर सवय झाली. आता भागीबाई एखाद्या सकाळी गॅलरीत दिसली नाही तर त्यालाच चुकल्यासारखं वाटे.

कारखान्याचं नाव 'घडण'. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाला घरी उंबरा नसतो आणि बाजारात काम नसतं, हे पाहून रूपालीताईंनी तो सुरू केला होता. केंद्रात त्या समुपदेशक होत्या. दारू सुटलेली माणसं काम नाही म्हणून पुन्हा दारूकडे जाताना त्यांनी पाहिली होती. तिकडे तांबटांच्या गल्लीतले हातोडे एकेक करत गप्प होत होते. काकांचा एक मुलगा बँकेत, एक पुण्याला. रूपालीताई काकांना शिकवायला बोलवायला गेल्या तेव्हा काका म्हणाले होते, "बेवडे?" आणि थोडा वेळ विचार करून, "चालतील. निदान मोबाइल तरी घेऊन बसणार नाहीत."

तयार हंडे, तांबे, पिंपं बाहेरून यायची, ओबडधोबड, मंद रंगाची. इथे त्यांचं मठारकाम व्हायचं. ओट्यात रोवलेल्या लोखंडी दांड्यावर हंडा पालथा घालायचा आणि हातोड्याने एकाशेजारी एक ठोका देत गोल गोल जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक चकाकता डोळा उमटतो. डोळ्याला डोळा भिडला की ओळ होते, ओळीवर ओळ चढली की हंडा मोत्यांनी मढवल्यासारखा दिसायला लागतो. काम सोपं वाटतं. हात थरथरला की डोळा फाकतो आणि ओळ वेडीवाकडी पळते.

गोरक्षचे हात आला तेव्हा पिंपळपानासारखे हलत. चहाची कपबशी धरली की सगळ्यांना कळायचं. काकांनी ते पाहिलं, आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "लाजू नको. माझे कान गेले, तुझे हात गेले. दोघांत मिळून एक धड कारागीर होतो आपण."

सुरुवातीला त्याला चिंचेच्या कोळाने भांडी घासायला बसवलं. मग सपाट ताटल्या. मग तांबे. ओळ बिघडली की काका भांडं उचलून भट्टीत ठेवत. "मार खाऊन खाऊन तांबं हट्टी होतं. मग त्याला आणखी मारलं तर तडकतं. थोडी ऊब द्यायची. नरम होतं बिचारं."

शेजारी बसणारा मंगळू सुरगाण्याकडचा. हातभट्टीने त्याचं अर्धं आयुष्य गिळलं होतं. तो म्हणाला, "काका, जरा माझे बायकोला सांगा ना हे."

"काय म्हणतो तो?"

"बायकोला सांगा म्हणतोय!" गोरक्षने काकांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"तिने ऊब देऊन पाहिली असेल रे," काका म्हणाले. "तूच भट्टीत उडी मारलीस!"

वरून भागीबाई हसली.

दांड्यावर आता जो हंडा पालथा होता, तो विकायचा नव्हता. गोरक्षने रूपालीताईंना विचारून तो आपल्या मजुरीत वळता करून घेतला होता. भाचीच्या लग्नात मामाने हंडा द्यायचा असतो. रुखवतात बाकी हजार वस्तू असल्या, फ्रीज असला, मिक्सर असला, तरी बायका आधी हंड्याशी जाऊन वाकतात आणि त्यावरचं नाव वाचतात. मामाकडून. मग पुढे सरकतात.

आई हंडा घासताना गुणगुणायची, मैनाआक्काच्या लग्नाच्या आधीपासून:

*मांडवाच्या दारी, हंडा चमके कुणाचा*
*सयांना सांगू किती, भाऊ माझा गं गुणाचा*

आणि म्हणून झालं की गोरक्षकडे बघून डोळे मिचकवायची. मैनाआक्का त्याची थोरली बहीण. तिला मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतच आईने सांगून टाकलं होतं, "माझा हंडा हिचा. गोरखा मांडवात घेऊन येईल." त्या हंड्यावर आईचं नाव होतं, नवसाबाई, टिंबाटिंबांनी कोरलेलं. तिच्या मामाने तिला दिलेला.

तो हंडा गोरक्षने मोडीत घातला.

मोडवाल्याने आधी घेतला नव्हता. "नाव हे याच्यावर. कुणाचा उचलला?" म्हणाला. मग गोरक्ष मळ्यात परतला, शेवंतीच्या वाफ्याआड बसला आणि दगडाने ते नाव घासलं. न घासता विकला असता तर ती नुसती चोरी झाली असती. 'न' आधी गेला, मग 'व'. घासताना त्याचा हात जराही थरथरला नाही, हे त्याला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून आई प्लास्टिकच्या कळशीतून पाणी आणायला लागली. आणि जेवायची हाक बंद झाली. कळशीवर पळी मारली तर आवाज येत नाही.

ती गेली त्या दुपारी गोरक्ष नदीवर, गाडगे महाराज पुलाखाली पडलेला होता. कुणीतरी हलवून उठवलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तो तसाच, त्याच कपड्यांत, त्याच वासात घरी आला. मैनाआक्का ओसरीवर बसली होती. त्याने विचारलं, "आक्का, आई काही बोलली का?"

आक्काने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते फिरवलेलं तोंड हेच त्याने उत्तर समजलं. आईने शेवटी आपलं नाव घेतलं नाही. घेणार तरी कसं, आपण तिचं दगडाने घासून काढलेलं.

---

भाची हर्षाली आली ती दुपारच्या सुट्टीत, अंगावर लॅबचा पांढरा कोट तसाच. दिवाळीच्या प्रदर्शनात 'घडण'च्या स्टॉलवर तिने मामाला ओळखलं होतं आणि तेव्हापासून आईला न सांगता अधूनमधून यायची. अशोकस्तंभाजवळच्या लॅबमधून इथे पायी येता येतं. येताना समोसे आणायची, त्यातले दोन काकांचे.

"मामा, गडबड झाली," ती म्हणाली. "आई हंडा विकत आणायला निघालीय. स्वतःच्या पैशाने. त्यावर मामाकडून असं टाकून घेणार आणि रुखवतात ठेवणार. म्हणजे सासरच्यांनी काही विचारायला नको."

गोरक्षच्या हातातला समोसा तसाच राहिला.

"मग मी ठरवलंय," ती म्हणाली, "तिला सांगायचं की भद्रकालीत एक छान दुकान आहे. ती येईल. तुम्ही आत बसा. हंडा तिला आवडणारच. नाव टाकून झालं की मग सांगू कुणी केला ते. कसं?"

"नाय."

"अहो मामा..."

"लय फसवाफसवी झाली आपल्या घरात. मी केली ती पुरे. तिला सांग, मामाने हंडा केलाय म्हणून. घ्यायचा तर घेईल."

"सांगितलं तर ती येणार नाही."

"मग नाय येणार."

हर्षालीने कोटाचा खिसा सारखा केला आणि म्हणाली, "पण मांडवात मला घेऊन कोण येणार? भटजी हाक मारतील ना, मुलीच्या मामांनी मुलीला आणावं म्हणून. तेव्हा काय हंडा येणार का चालत?"

ती गेली. गोरक्ष हंड्यापाशी बसला, हातोडा उचलला, आणि पाहतो तर हात हलायला लागलेला. पिंपळपान. इतक्या महिन्यांनी. त्याने हातोडा खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि काही न बोलता बाहेर पडला.

गल्ली जिथे संपते तिथे देशीचं दुकान आहे. दुपारच्या उन्हात त्याच्या दारातली सावली फार थंड दिसते. गोरक्ष त्या सावलीच्या कडेपर्यंत गेला. आतून तो वास आला, जुन्या सोबत्याने खांद्यावर हात टाकावा तसा. आतल्या कुणीतरी ओळखलंसुद्धा. "अरे गोरख! कुठं मेला होतास? ये, ये!"

ही हाकच होती. गेली कित्येक वर्षं 'गोरख' म्हणून त्याला दुसऱ्या कुणी हाक मारलीच नव्हती.

तेवढ्यात मागून अनवाणी पावलांचा आवाज आला. कमरेला चामड्याचा पट्टा, हाताला चिंचेचे डाग, चष्मा कपाळावर. काका उन्हात धापा टाकत उभे. ओट्यावरचा एक हातोडा पडायचा बंद झाला, तो पुन्हा सुरू झाला नाही, एवढंच त्यांच्या तळव्याने त्यांना सांगितलं होतं.

त्यांनी दुकानाकडे पाहिलं नाही. गोरक्षकडेही नाही. पायाखालच्या तापलेल्या फरशीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय असं नाचत ते आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "चहा पाजतोस का रे? चपला राहिल्या माझ्या. सावलीतून चल."

दोघं चहा प्याले. कपबशी वाजत होती, पण सांडली नाही. परत आल्यावर गोरक्षने त्याच हलत्या हाताने हंड्यावर एक ओळ पुरी केली. ओळ वाकडी झाली. पोटाच्या मधोमध, लपवता न येणारी. तो हंडा भट्टीकडे न्यायला लागला तेव्हा काकांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे ती."

"काका, वाकडी हे. लग्नात द्यायचाय."

"त्या हाताने तू इथे बसलास," काका म्हणाले, आता पुन्हा गल्लीभर. "राहू दे!"

वरून भागीबाईने मेथीची जुडी खाली ठेवली.

---

हर्षालीने खरं ते सांगितलं, तरी मैनाआक्का आली.

सिन्नरच्या बसने द्वारका चौकात उतरून, रिक्षा करून, उन्हाची डोक्यावर पदर घेऊन आली. काखेत कापडी पिशवी. मागे हर्षाली, तोंडावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. आक्का उंबऱ्यात थांबली. गोरक्ष उठून उभा राहिला. तिचे केस कानशिलांवर पांढरे झाले होते आणि हनुवटी हुबेहूब आईची झाली होती. त्याला 'आक्का' म्हणायचं होतं.

आक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सरळ काकांकडे गेली.

"हंडा बघायचा हे. पोरीच्या लग्नातला."

"काय म्हणता?"

"हंडा!" आक्का ओरडली. "पोरीच्या! लग्नाचा!"

"अभिनंदन!" समोरून भागीबाई म्हणाली.

आक्का क्षणभर भांबावली. मंगळूने तोंड वळवून हसू दाबलं. काकांनी कापडाखालचा हंडा काढून ओट्यावर ठेवला. चिंचेने धुतलेला, कोवळ्या उन्हासारखा. कारखान्यातला उजेड सगळा त्याच्या पोटावर येऊन बसला.

आक्का खाली बसली. आई जशी बाजारात पाहायची तशीच तिने पाहणी सुरू केली. आधी बूड. मग काठावरून अंगठा फिरवला. मग बोटाचं पेर वाकवून हंड्याच्या पोटावर एक टिचकी मारली आणि कान जवळ नेला.

ठण्णऽऽ.

तिचा कान तिथेच राहिला. आवाज विरला तरी ती वाकलेलीच होती. गोरक्षला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती मानेवरची बोरमाळ दिसत होती आणि ती हलत होती.

मग तिचं बोट पोटावरून फिरत फिरत एका जागी अडलं.

"ही वळ वाकडी हे," ती काकांना म्हणाली.

काकांना शब्द ऐकू आले नाहीत, पण बोट दिसलं. "ती? ती मीच ठेवायला सांगितली, बाई. त्या दिवशी हा गल्लीच्या टोकाला गेला होता, त्या दुकानापर्यंत. आणि परत आला. परत येऊन बसला तेव्हाची ओळ आहे ती."

बोट त्या ओळीवरून एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे आलं.

"घेऊ ना गं आई?" हर्षालीने विचारलं.

आक्काने हंडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिथल्या रिवाजाप्रमाणे काकांनी छिन्नी आणि छोटी हातोडी पुढे सरकवली. गिऱ्हाइकाने हंडा घट्ट धरला म्हणजे पसंत पडला, आणि पसंत पडला की एकच प्रश्न उरतो.

"गोरक्ष, बस. विचार बाईंना, नाव काय टाकायचं?"

गोरक्ष बसला. हंडा मांडीत घेतला. तो अजून आईच्या हंड्याएवढा जड लागत नव्हता, पाणी भरल्यावर लागेल. छिन्नीचं टोक त्याने काठाखाली टेकवलं आणि खाली मान घालूनच विचारलं, जसा तो रोज कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारी, "नाव काय टाकू?"

मंगळूचा हातोडा थांबला.

"नवसाबाई," आक्का म्हणाली.

छिन्नी हलली. हात नव्हे, छिन्नीच हलली असावी. गोरक्षने श्वास घेतला आणि पहिलं टिंब उमटवलं. टक. मग दुसरं. 'न'चा दांडा उभा राहिला. 'व' गोल झाला. घासताना जे ज्या क्रमाने गेलं होतं ते त्याच क्रमाने परत येत होतं.

"खाली," आक्का म्हणाली, "खाली टाक, मामाकडून."

हर्षालीने तोंडावर ओढणी घेतली.

टक, टक, टक. टिंबांचा आवाज बारीक असतो, पण सारखा असतो. त्या आवाजाच्या आडोशाला, बाकीच्यांना पुरतं ऐकू जाणार नाही इतक्या हळू, हंड्याकडेच बघत आक्का बोलायला लागली.

"तू इचारलं व्हतं मला. आई काही बोलली का म्हणून."

टक.

"बोलली व्हती. सकाळपासनं एकच. दुसरं काही नाय. 'मैने, गोरखाला हाक मार. भाकर निवती.' परत डोळा लागायचा, परत जागी व्हायची, परत तेच. भाकर निवती, हाक मार त्याला." तिने पदराने नाक पुसलं. "मी म्हणले, मारते. आन् मारली नाय. एखाद्या पोराला पाठवलं असतं पुलाखाली तर सापडला असता तू, मला ठाव व्हतं कुठं असतो ते. लय राग व्हता माझ्या पोटात. म्हणले, मरू दे, नको येऊ दे. ती दाराकडं बघत गेली रे. आन् तू इचारलंस, तर ते बी नाय सांगितलं. एवढी वर्षं नाय सांगितलं."

टिंबं थांबली. 'मामाकडून'मधला 'न' अर्धा राहिला होता. ओट्यावर तळवा टेकून बसलेल्या काकांनी मान वर केली, दोघांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा "थांबला का रे?" असं विचारलं नाही.

आक्काने कापडी पिशवीतून फडक्यात बांधलेलं काही काढलं आणि ओट्यावर ठेवलं. फडक्याची गाठ सोडली. बाजरीच्या भाकरी, ठेचा, एक कांदा. पहाटे सिन्नरला थापलेल्या, कधीच गार झालेल्या. मग तिने हात लांब केला, त्याच्या मांडीतल्या हंड्याच्या पोटावर बांगड्यांचा एक ठोका दिला, आणि तांबं बोलत असतानाच म्हणाली,

"गोरखाऽऽ... भाकर निवती रे."